बेगमी : कोठीची, कंट्रोलची आणि सहकाराची

गणपती बसायच्या आधी दोन आठवडे आपल्या मंडळात महाप्रसादाच्या सामानाची यादी होते. चार कार्यकर्ते सियागंजात जातात. तीन-चार दुकानांत भाव विचारतात, तूरडाळ तळहातावर घेऊन चोळून पाहतात, तांदळाचा दाणा दाताखाली फोडून जुना की नवा ते ठरवतात, तेलाच्या डब्याचे सील तपासतात आणि मग सगळे सामान एका ठिकाणी एकदम घेतात. खर्च मोजका होतो आणि पंगतीत वरणभाताला कोणी नाव ठेवत नाही. इतकी वर्षे हे चालले आहे.

हेच कार्यकर्ते (आम्हीही त्यांतलेच) घरच्या सामानाच्या वेळी काय करतात? कोपऱ्यावरच्या दुकानातून पाच किलो कणकेची पिशवी, अर्धा किलो डाळ आणि संपले म्हणून आणखी पाव किलो साखर. महिन्याच्या शेवटी किराण्याचा आकडा पाहून कपाळाला हात. मग काटकसर म्हणून तूप कमी, दाणे कमी, भाजी हलकी. बाप्पाच्या पंगतीसाठी जी अक्कल आपण वापरतो ती स्वतःच्या ताटासाठी का वापरत नाही, असा प्रश्न गेल्या वर्षी सहज निघाला. उत्तर शोधताना आम्ही मागे मागे गेलो. आजीच्या कोठीपर्यंत पोहोचलो, वाटेत कंट्रोलचे दुकान लागले आणि बंद पडलेले एक सहकारी भांडारही लागले. त्याचीच ही हकिकत आहे.

वाड्यातली कोठी

आपल्या भाषेत वर्षाच्या साठ्याला 'बेगमी' म्हणतात. शब्द फारसीतून आलेला आहे. 'बे-गम' म्हणजे ज्याला चिंता नाही तो. वर्षाचे धान्य घरात आले की घर निर्धास्त झाले, एवढा अर्थ त्या एका शब्दात आहे.

अठराव्या शतकात होळकरांच्या मागोमाग आपली घराणी माळव्यात आली. कोणी फौजेत, कोणी दप्तरात, कोणी पूजेअर्चेला. येताना ती ज्वारीची भाकरी आणि गोडे वरण घेऊन आली आणि इथे गव्हाच्या मुलखात रमली. वाडा मोठा आणि माणसे पुष्कळ, त्यामुळे खरेदी वर्षाचीच असे. धान्य ठेवायला कणगी, बळद आणि पुढे पत्र्याच्या कोठ्या आल्या. मापे पायली, अधोली, शेर, चिपटे अशी. आमच्या आजीने किलोत मोजायचे शेवटपर्यंत मनावर घेतले नाही. दशमान वजने १९५८पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली, पण तिच्या डब्यातले मापटे तसेच राहिले.

या कोठीमागे एक पंचांग होते आणि ते आजही जसेच्या तसे लागू पडते. नवा गूळ थंडीत, म्हणजे पौष-माघात. तूर माघ-फाल्गुनात मंडीत येते. रब्बी ज्वारी आणि नवी चिंच त्याच सुमारास. लाल मिरची आणि हळद फाल्गुन-चैत्रात, गहू चैत्र-वैशाखात. शेंगदाणे दिवाळीच्या आगेमागे. ज्या महिन्यात माल शेतातून निघतो त्या महिन्यात तो ताजा असतो आणि बहुधा स्वस्तही. हंगाम उलटला की त्याच मालावर गोदामाचे भाडे, व्याज आणि दोन-तीन हातांचा नफा चढतो. आजीला अर्थशास्त्र शिकवलेले नव्हते, पण हे गणित तिला पाठ होते.

तांदळाची गोष्ट तर पाहण्यासारखी आहे. जुना तांदूळ मोकळा शिजतो, फुगतो, पोटालाही बरा. म्हणून दुकानात त्याला जास्त भाव. आमच्याकडे नवा तांदूळ पौषात घेऊन ठेवायचा आणि आधीच्या वर्षीचा खायचा, अशी रीत होती. एकदा चक्र लागले की दरवर्षी नव्याच्या भावात जुना तांदूळ खायला मिळे. पैसे वाचले आणि भात उलट सरस झाला. स्वस्त घ्यायचे तर हलके घ्यावे लागते, ही समजूत त्या पिढीला नव्हतीच.

साठवणीला मेहनत मात्र होती. गहू आणला की सूप, चाळण घेऊन सगळ्या बायका बसत. निवडायचा, पाखडायचा, गच्चीवर कडक उन्हात वाळवायचा. वाळलेला गहू तापलेलाच कोठीत भरायचा नाही, रात्रभर थंड होऊ द्यायचा. गरम भरला तर कोठीत घाम धरतो आणि घामाने बुरशी, किडे येतात. मग एरंडेलाचा हात लावायचा किंवा वाळलेला कडुलिंबाचा पाला थराथरांत घालायचा. तूरडाळीलाही एरंडेल. आज शास्त्र सांगते की साठवणीच्या धान्यात ओल साधारण १२ टक्क्यांच्या आत हवी. आजी दाणा दाताखाली धरायची. कट्कन फुटला तर भरा, दबला तर आणखी एक ऊन द्या.

हे सगळे श्रम बायकांचे होते आणि बिनमोल होते, हे इथेच नोंदवले पाहिजे. त्या काळाचे कौतुक करताना आपण पुरुष मंडळी तेवढे सोयीस्कर विसरतो.

कंट्रोल

ही कोठी पहिल्यांदा रिकामी झाली ती दुसऱ्या महायुद्धात. १९४२मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि तिकडून येणारा तांदूळ थांबला. फौजेची गरज वाढली, रेल्वेचे डबे युद्धाच्या कामाला लागले, साठेबाजी सुरू झाली. १९४३मध्ये बंगालात भीषण दुष्काळ पडला आणि त्याच वर्षी मुंबई शहरात शिधावाटप सुरू झाले. महाराष्ट्रात आणि मुंबईकडे लोक त्याला 'रेशन' म्हणू लागले. आपल्याकडे, मध्य भारतात, रुळलेला शब्द 'कंट्रोल'. धान्यावरचे आणि भावावरचे नियंत्रण म्हणून कंट्रोल. ऐंशी वर्षे झाली, कायदे कितीदा बदलले, पण इंदुरात आजही त्या दुकानाला 'कंट्रोलचे दुकान' म्हणतात. युद्ध विसरले गेले आणि शब्द मात्र उरला.

कंट्रोलने माणसे जगवली. ते मोठे काम होते आणि आजही आहे. पण मध्यमवर्गीय घरातली एक गोष्ट त्याने बदलली. निवड गेली. जे येईल ते घ्यायचे, कार्डावर जेवढे लिहिले तेवढेच घ्यायचे. रांगेत उभ्या बाईला दाणा दाताखाली धरून पाहण्याची सोय नव्हती. आजी सांगायची की कंट्रोलच्या गव्हात खडे इतके असत की निवडायला दुप्पट वेळ लागे, तरी फेकायचे कोणाच्या मनात येत नसे.

गांधीजींच्या आग्रहाने १९४७च्या डिसेंबरात नियंत्रणे उठू लागली. भाव भडकले म्हणून १९४८मध्ये ती परत आली. रफी अहमद किडवई अन्नमंत्री झाल्यावर १९५४पर्यंत ती पुन्हा सैल झाली. लोकांना वाटले, सुटलो. पण १९५६मध्ये अमेरिकेशी पीएल-४८०चा करार झाला आणि परदेशी गहू येऊ लागला. १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षे पाऊस रुसला. एकट्या १९६६मध्ये देशाने सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणले. लालबहादूर शास्त्रींनी सोमवारचे एक वेळचे जेवण सोडा असे आवाहन केले आणि आपल्यातल्या कितीतरी घरांत ते पाळले गेले. आमच्या घरात सोमवारचा उपास त्यानंतर कधी मोडलाच नाही. कारण शंकराचे की शास्त्रीजींचे, हे आजी सांगत नसे.

त्या परदेशी लाल गव्हाची पोळी आणि नंतर आलेली तांबडी मिलो ज्वारी ज्यांनी खाल्ली आहे त्यांनाच पोट भरणे आणि जेवणे यांतला फरक कळतो. तक्रार करायची नाही, कारण दुसरे काही नव्हतेच. १९६६मध्येच मेक्सिकोहून १८,००० टन बियाणे आले, हरितक्रांती झाली आणि काही वर्षांत धान्याचा प्रश्न मागे पडला. पण 'मिळाले ते घ्यावे' ही सवय मात्र आपल्या हाडात राहिली. आज आपण सुपरमार्केटातली पिशवी आत काय आहे ते न पाहता उचलतो, त्याची सुरुवात आम्हाला त्या रांगेत दिसते.

दाण्याची जात

मध्येच एक वळण घेतो, कारण इंदूरकर म्हणून ते सांगितलेच पाहिजे. चांगल्या दाण्याचा विचार या शहरात जागतिक पातळीवर झालेला आहे. अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांच्या पत्नी गॅब्रिएल यांनी आधी बिहारात पुसा येथे गव्हाची सुधारित वाणे काढली. १९२४मध्ये इंदुरात इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री सुरू झाली, तिचे हॉवर्ड संचालक होते. काडीकचरा आणि शेणापासून खत करण्याची त्यांची रीत जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. धान्याचा कस मातीपासून सुरू होतो, हे त्यांनी आपल्या शहरात बसून जगाला सांगितले.

दुसरी गोष्ट 'लोकवन' गव्हाची. आपल्या बहुतेक घरांत हाच गहू येतो आणि नाव ऐकून तो कुठल्या तरी वनातला असावा असे वाटते. मूळ नाव 'लोक-१'. सौराष्ट्रात सणोसरा येथे नानाभाई भट्टांनी काढलेल्या लोकभारती या ग्रामविद्यापीठात हे वाण तयार झाले. लोक नंबर एक, म्हणजे 'लोक वन', आणि आपल्या तोंडी लोकवन. सीहोर-विदिशेकडचा शरबती महाग, पण बहुतेक पावसावर पिकणारा, चमकदार आणि गोडसर. त्याची पोळी संध्याकाळपर्यंत मऊ राहते. रोजच्या पोळीला लोकवन, पाहुण्यांना किंवा डब्यासाठी थोडा शरबती मिसळून, लाडवाच्या रव्याला कठीण दाण्याचा बन्सी, असा हिशेब आपल्या आया ठेवत. सगळेच महाग घ्यायचे नाही आणि सगळेच हलकेही घ्यायचे नाही. कुठे काय लागते ते ठाऊक असले की पैसे आपोआप वाचतात.

पिशवीतली तयार कणीक घेणाऱ्याला यातले काहीच विचारता येत नाही. कोणता गहू, कधीचा, कोंडा किती काढला, काही कळत नाही. शिवाय १८ जुलै २०२२पासून २५ किलोपर्यंतच्या छापील पिशवीतल्या धान्यावर आणि पिठावर ५ टक्के जीएसटी आहे. मोकळ्या धान्यावर तो नाही. २०२५च्या हंगामात केंद्राचा गव्हाचा हमीभाव क्विंटलला २,४२५ रुपये होता, म्हणजे किलोला २४ रुपये २५ पैसे. आपल्याला तो त्या भावात मिळणार नाही हे खरे. निवडलेल्या मालाला जास्त द्यावे लागते, वर दळणाचे पैसे. तरी हा आकडा मनात ठेवून आपल्या कणकेच्या पिशवीवरची किंमत एकदा वाचावी. मधला फरक आपण कशासाठी देतो, हे ज्याने त्याने ठरवावे.

मिळून घेण्याचा इतिहास

वाडे गेले, कुटुंबे लहान झाली, कोठीला जागा उरली नाही. चार माणसांच्या फ्लॅटने एकट्याने मंडीत जाऊन काय घ्यायचे? हा प्रश्न आपल्याआधी अनेकांना पडला होता आणि त्यांनी उत्तरही शोधले होते.

इंग्लंडात रॉचडेल नावाचे गिरण्यांचे गाव आहे. तिथे १८४४च्या २१ डिसेंबरला २८ जणांनी, त्यांत बरेच विणकर, पैसे जमवून टोड लेन या गल्लीत दुकान उघडले. माल काय, तर पीठ, लोणी, साखर, ओट आणि मेणबत्त्या. त्या काळी तिकडच्या पिठात खडू आणि तुरटी मिसळण्याचा धंदा जोरात होता. या मंडळींचे नियम साधे होते. माल शुद्ध, वजन पूर्ण, व्यवहार रोखीचा. वर्षअखेरीस नफा वाटायचा तो ज्याने जितकी खरेदी केली तितक्या प्रमाणात. जगभरच्या ग्राहक सहकाराची परंपरा या दुकानापासून मोजली जाते.

आपल्या देशात सहकाराचा आरंभ सांगताना मराठी माणसाला अभिमान वाटावा अशी एक नोंद आहे. १८८९मध्ये बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी 'अन्योन्य सहाय्यकारी मंडळी' स्थापन केली. आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेले हे मराठी गृहस्थ. ती पतपेढी होती, दुकान नव्हते, आणि सहकाराचा कायदा १९०४मध्ये आला, म्हणजे त्याच्या पंधरा वर्षे आधीची ही गोष्ट. त्याच १९०४मध्ये मद्रासच्या ट्रिप्लिकेन भागात श्रीनिवास शास्त्री आणि त्यांच्यासारख्या शिकल्या-सवरलेल्या मध्यमवर्गीयांनी किराण्याचे सहकारी भांडार काढले आणि ते पुढे फार वाढले. १९४८मध्ये मुंबईत नायगावच्या कामगारांनी आपले ग्राहक भांडार सुरू केले, ते पुढे 'अपना बाजार' म्हणून नावारूपाला आले. १९६२च्या चीन युद्धानंतर केंद्राने ग्राहक भांडारांची योजनाच आखली आणि गावोगावी ती निघाली.

मग १९७२चा दुष्काळ आला. महागाईने कहर केला. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी यांच्या पुढाकाराने वेगवेगळ्या पक्षांच्या बायका महागाई प्रतिकार समितीत एकत्र आल्या आणि हातात लाटणे घेऊन रस्त्यावर उतरल्या. तो लाटणे मोर्चा सगळ्यांना आठवतो. त्यानंतर लवकरच जे शांतपणे घडले ते कमी आठवते. १९७४मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली आणि १९७५मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. गायक-संगीतकार सुधीर फडके या कामात होते, हे अनेकांना ठाऊक नसते. मुंबईच्या पंचायतीची रीत अशी. शेजारच्या काही कुटुंबांचा एक संघ. महिन्याची यादी सगळ्यांनी आधी द्यायची, पैसे आधी भरायचे. माल घाऊक खरेदी होऊन एका घरी येतो आणि संघातली माणसे स्वतः तो मोजून वाटून घेतात. दुकान नाही, झगमगाट नाही, पगारी विक्रेता नाही. म्हणून खर्च कमी. आणि खरेदी करणारा खाणाराच असल्यामुळे हलका माल घेण्यात कोणाचा फायदा नाही.

आमच्या वसाहतीतले भांडार

इतके सगळे चांगले होते तर मग ते आपल्याकडे टिकले का नाही? याचे उत्तर आम्ही लहानपणी डोळ्यांनी पाहिले आहे. वडील सरकारी नोकरीत, राहायला वसाहत आणि वसाहतीत सहकारी भांडार. गावाचे आणि भांडाराचे नाव घेत नाही, कारण चूक कोणा एकाची नव्हती. सुरुवातीला साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे तिथून सामान घेत. पुढे वहीवर उधारी सुरू झाली. मोठ्या हुद्द्याच्या माणसाकडे पैसे मागायचे कोणी? संचालक मंडळाच्या निवडणुकीत चुरस असे, पण तांदूळ निवडायला कोणी जात नसे. तो व्यवस्थापकावर सोडलेला. माल हलका येऊ लागला, तसे सभासदच बाहेरून घेऊ लागले. ज्या दिवशी वडिलांनी स्वतः पहिल्यांदा बाहेरच्या दुकानातून डाळ आणली त्या दिवशी आई म्हणाली, "अहो, आपलंच दुकान ना ते?" वडील काही बोलले नाहीत. दोन-तीन वर्षांत कुलूप लागले.

रॉचडेलच्या नियमांशी हे ताडून पाहिले तेव्हा आमच्या लक्षात आले की आम्ही नेमके तेच नियम मोडले होते. रोख सोडली, पारख सोडली आणि शेवटी आपल्याच दुकानातली खरेदी सोडली.

अकरा घरे

गेल्या वर्षी महाप्रसादानंतर निघालेल्या त्या प्रश्नावरून मंडळातली अकरा घरे एकत्र आली. फार विचार केला नाही. ठरवले एवढेच की गहू, तूरडाळ, तांदूळ, गूळ आणि शेंगदाणे या पाच जिनसा हंगामात मिळून घ्यायच्या. बाकी ज्याने त्याने पाहावे. पैसे आधी, उधारी नाही.

पहिली खरेदी तुरीच्या डाळीची. आम्ही तिघे गेलो, नमुना पाहिला, पसंत पडला, पोती उचलून आणली. वाटपासाठी पोते फोडले तेव्हा वरचा थर नमुन्यासारखा आणि खाली निराळेच. आम्हा पदवी-पदविकावाल्यांना फक्त एवढे कळले की रंग वेगळा आहे. आमच्या गल्लीत एक काकू राहतात. काका जाऊन बरीच वर्षे झाली, मुले लांब, कुटुंब निवृत्तिवेतनावर एकट्या राहतात. त्याही अकरांपैकी एक. त्यांनी मूठभर डाळ सुपात घेतली, दोनदा पाखडली आणि म्हणाल्या, "ही गेल्या सालची आहे, आणि यात लाखेची मिसळलीय. हा बघा, चौकोनी, एका बाजूला उतरता दाणा. परत करून या." लाखेची डाळ तुरीसारखीच दिसते, स्वस्त असते आणि सतत खाल्ल्याने पाय लुळे पडू शकतात. म्हणून १९६१पासून तिच्या विक्रीवर केंद्राची बंदी आहे. आम्हाला हे वाचून माहीत होते, पण दाणा ओळखता येत नव्हता.

डाळ परत गेली. वाद झाला, पण अकरा घरांचे गिऱ्हाईक कोणाला सोडायचे नसते. एकट्याने गेलो असतो तर दुकानदाराने ऐकून घेतले नसते. त्या दिवसापासून खरेदीला काकूंना रिक्षातून नेतो. छावणी मंडीत पोत्यात टोकदार पोकळ नळी खुपसून तळाचा माल काढतात, तिला परखी म्हणतात. काकू आधी परखी लावायला सांगतात, मगच भाव विचारतात.

गंमत अशी की इतकी पारख असणाऱ्या काकू स्वतः काय खात होत्या? पाच किलोची तयार कणीक. कारण पोते दुसऱ्या मजल्यावर चढवणार कोण आणि गिरणीत डबा नेणार कोण? त्यांच्याकडे ज्ञान होते, हात नव्हते. आमच्याकडे हात होते, ज्ञान नव्हते. आता वैशाखात सगळ्यांचा गहू दोन गच्च्यांवर वाळतो, आणि या खेपेला पाखडायला पुरुषही बसतात. पहिल्या दिवशी आमच्या सुपातून गहू खाली आणि कचरा सुपात, असा प्रकार झाला. काकू हसून हसून बेजार. काकूंचे दळण आलटून पालटून एकेक घर नेते.

पैसे किती वाचले? वर्षाचा जमाखर्च मांडला तेव्हा आमच्या घरी साधारण एका महिन्याच्या किराण्याइतकी बचत निघाली. डाळ चांगली आली, तांदूळ चांगला आला, तूप कमी करावे लागले नाही. सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. एका घराचा गहू ओलसर जागेत ठेवल्याने किडला. एका घराने मध्येच पैसे परत मागितले, ते सगळ्यांनी वाटून दिले. वर्षाचे पैसे एकदम काढणे सगळ्यांना जमत नाही, म्हणून पुढच्या खेपेपासून दर महिन्याला थोडी रक्कम जमा करायची ठरले आहे. जागा नसेल त्याने तीन महिन्यांपुरतेच घ्यावे, त्यातही फरक पडतो.

पुड्यातला माल घ्यायचाच असेल तर एक सवय लावून घ्यावी. छापील किमतीशेजारी आता दर किलोची किंवा दर ग्रॅमची किंमतही छापलेली असते. मोठ्या अक्षरांतली सूट न पाहता तो बारीक आकडा पाहावा. किंमत तीच ठेवून आतले वजन कमी केलेला पुडा तिथे लगेच ओळखू येतो.

इतका इतिहास चाळल्यावर आम्हाला एकच गोष्ट दिसली. वाडा असो, रॉचडेल असो की ग्राहक पंचायत असो, ज्यांनी चांगले खाऊन पैसे वाचवले त्यांनी हंगामात घेतले, पारखून घेतले आणि मिळून घेतले. या तिघांपैकी एक जरी सुटले तरी उरतो तो नुसता चिमटा, म्हणजे कमी खाणे किंवा हलके खाणे. हंगाम पंचांगात आहे. मिळून घेण्याची सवय आपल्या मंडळाला आहेच. पारख मात्र काही थोड्या म्हाताऱ्या माणसांच्या बोटांत उरली आहे आणि ती कोणत्याही पुस्तकातून शिकता येत नाही. त्यांच्याबरोबर मंडीत गेल्याशिवाय ती आपल्या हाती यायची नाही, आणि त्यासाठी फार वर्षे हातात नाहीत.

या वर्षी महाप्रसादाच्या दिवशी मंडपात पाण्याच्या टाकीशेजारच्या टेबलावर एक वही ठेवणार आहोत. शेंगदाण्याचा हंगाम तोंडावर आहे, त्यानंतर गूळ, मग तूर. ज्या घरांना यायचे असेल त्यांनी नाव आणि जिन्नस लिहावेत. ज्यांच्या घरी धान्य ओळखणारी आजी किंवा आजोबा असतील त्यांनी त्यांचे नाव आधी लिहावे. रिक्षा आम्ही पाठवू.

गणपती बाप्पा मोरया!